डम्पचा गठ्ठा म्हणजे अभ्यास नव्हे

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण घरात बीसीए, बीएस्सी, डिप्लोमा नाहीतर इंजिनिअरिंग झालेलं लेकरू असेल आणि "एक आयटी सर्टिफिकेशन करतो, मग जॉब लागतोय" असं ते म्हणत असेल, तर चहा घेऊन बसा आणि शेवटपर्यंत वाचा. पैसे तुमच्या खिशातून जाणार आहेत.

रिझल्ट लागले की मला ठरलेले मेसेज यायला लागतात. "दादा, सीसीएनएसाठी कुठलं पुस्तक घेऊ?" "सिक्युरिटी प्लसचं जुनं पुस्तक निम्म्या किमतीत मिळतंय, चालेल का?" इथपर्यंत सगळं बरोबर आहे. विचारणारं पोरगं शहाणं आहे. पण दोन दिवसांनी त्याच पोराचा दुसरा मेसेज येतो, "राहू द्या दादा, क्लासवाले म्हणाले पुस्तकाची गरजच नाही. ते मटेरियल देणार आहेत. शंभर टक्के पासिंग."

आजची पोस्ट या मटेरियलवर आहे. आणि ते बाजूला ठेवल्यावर हातात कुठलं पुस्तक घ्यायचं, त्यावरही आहे.

नवीन मंडळींसाठी माझी ओळख : मूळचा लातूरचा, पोटासाठी पुण्यात. कंपनीचं नेटवर्क सांभाळतो आणि वर्षातून काही वेळा नव्या पोरांच्या मुलाखती घ्यायला बसतो. माझा क्लास नाही, माझं पुस्तक नाही, कुठल्या दुकानात माझं कमिशन नाही.

मटेरियल म्हणजे नेमकं काय?

टेलिग्रामवर फिरणारी एक पीडीएफ. तिची झेरॉक्स काढायची, स्पायरल बाइंडिंग करायचं, वर क्लासचा शिक्का मारायचा, झालं मटेरियल. आत तीनशे-चारशे प्रश्न, प्रत्येकाखाली चार पर्याय आणि बरोबर उत्तराला खूण. ते का बरोबर आहे, बाकीचे तीन का चूक आहेत, याबद्दल एक ओळ नाही. धंद्यात याला डम्प म्हणतात. परीक्षा देऊन आलेल्यांनी आठवून लिहिलेले, नाहीतर सरळ चोरलेले खरे प्रश्न, आणि उत्तरं कुणीतरी अंदाजानं टाकलेली. ती उत्तरं कोण देतो, त्याला विषय येतो का, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. एकाच डम्पच्या दोन प्रतींत एकाच प्रश्नाची दोन वेगळी उत्तरं मी स्वतः पाहिली आहेत.

परीक्षा सुरू होण्याआधी स्क्रीनवर एक करार येतो. आपण तो न वाचता 'मान्य' दाबतो. परीक्षेतले प्रश्न बाहेर सांगणार नाही, हे त्यात आपण कबूल करतो. सिस्को असो, कॉम्पटिया असो, मायक्रोसॉफ्ट असो, चोरलेले प्रश्न वापरून परीक्षा दिल्याचं दिसलं तर निकाल रद्द करण्याचा आणि पुढच्या परीक्षांना बंदी घालण्याचा अधिकार त्यांनी नियमांत राखून ठेवलेला आहे. बंदी येते पोराच्या नावावर. क्लासचा बोर्ड जागच्या जागी राहतो.

हे इतक्या सहज का खपतं?

याचं उत्तर आपल्या 'गाईड' या शब्दात आहे. आपल्याकडं गाईड म्हटलं की डोळ्यांसमोर येतं तयार उत्तरांचं पुस्तक. पाठ्यपुस्तक वेगळं, गाईड वेगळं. दहावीला आपण सगळ्यांनी गाईडं वापरली, 'अपेक्षित'चे संच सोडवले, आणि त्यात काही गैर नव्हतं. बोर्डाच्या जुन्या प्रश्नपत्रिका सगळ्यांना खुल्या असतात. त्यावरून अंदाज बांधणं हा अभ्यासाचाच एक भाग झाला. लातूर पॅटर्न ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना सराव म्हणजे काय ते मी सांगायला नको. पण त्या पॅटर्नमध्येही आधी शिकवायचे आणि मग शंभर पेपर सोडवून घ्यायचे. शिकवणं गाळून नुसते पेपर, असं कधी नव्हतं.

सर्टिफिकेशनच्या जगात 'स्टडी गाईड' म्हणजे पाठ्यपुस्तकच. विषय समजावून सांगणारं, प्रयोग करायला लावणारं, प्रत्येक धड्याच्या शेवटी प्रश्न देणारं सात-आठशे पानांचं पुस्तक. क्लासवाला डम्पला 'गाईड' म्हणतो आणि आपल्या कानाला ते ओळखीचं वाटतं. वाटतं, हे आपलं जुनं 'अपेक्षित'च आहे. तसं अजिबात नाही. इथली प्रश्नपेढी गुप्त असते, ती विकणं म्हणजे पेपरफुटीच आहे. भरती परीक्षेचा पेपर फुटला की आपण सगळे चिडतो, पोस्टी टाकतो, मोर्चे काढतो. इथं फुटलेला पेपर आपण पावती घेऊन विकत घेतो, तोही कोर्स फी म्हणून.

आता दुसरी बाजू. ती खोटी नाही, म्हणून नीट मांडतो.

मागं एका पालकांनी मला फोनवर सुनावलं होतं, "तुम्हाला बोलायला काय जातंय? परीक्षेची फी बघितली का? नापास झाला तर कोण भरणार?" त्यांचं बरोबर आहे. सीसीएनए परीक्षेची फी साधारण ३०० डॉलर, वर कर. म्हणजे आपल्या पैशांत पंचवीस हजारांच्या वर. नापास झालं तर पुन्हा पूर्ण फी. ज्याच्या घरी सोयाबीनच्या पट्टीवर वर्षाचा हिशेब बसतो त्याला दोनदा परीक्षा देणं परवडत नाही. आणि कंपन्यांचंही खरं आहे, बायोडाटावर सर्टिफिकेट नसेल तर पुष्कळ ठिकाणी पहिल्या चाळणीतच नाव गळतं. मग बाप म्हणतो, कसंही करून एकदा आत जाऊ दे, आत गेल्यावर शिकेल.

हा युक्तिवाद गरिबीतून आलाय, म्हणून त्याला मी हसणार नाही. पण तो चुकीचा आहे, आणि त्याचा सगळ्यात मोठा फटका गरिबालाच बसतो. कसा, ते मुलाखतीच्या टेबलावरून सांगतो.

समोर पोरगं बसलंय. कागदावर सीसीएनए, गुण चांगले. मी कधीच अवघड विचारत नाही. एकच रोजचा प्रसंग देतो, "ऑफिसात एका कॉम्प्युटरचं नेट बंद आहे. तू जाऊन बघितलंस तर आयपी ॲड्रेस १६९.२५४ ने सुरू होणारा दिसतोय. काय समजशील?" ज्यानं एकदा तरी हातानं नेटवर्क जोडलंय तो लगेच सांगतो की कॉम्प्युटरला डीएचसीपीकडून पत्ता मिळाला नाही, म्हणून त्यानं स्वतःच स्वतःला तात्पुरता पत्ता लावून घेतला. मग तो पुढं बोलायला लागतो. केबल बघेन, पोर्ट चुकीच्या व्हीलॅनमध्ये आहे का बघेन, सर्व्हरकडचे पत्ते संपले का बघेन. झालं, दोन मिनिटांत कळतं की याला काम येतं. डम्पवाल्या पोरानं मला दिलेलं उत्तर अजून लक्षात आहे, "सर, असा प्रश्न नव्हता."

ते पोरगं ढ नव्हतं. चारशे प्रश्न पाठ करणारं पोरगं ढ असूच शकत नाही. त्याच डोक्यानं, तेवढ्याच तीन महिन्यांत ते खरं नेटवर्किंग शिकलं असतं. त्याच्या बापाचे परीक्षेचे पैसे गेले, क्लासचे गेले, आणि माझ्यासमोर पाच मिनिटांत सगळं उघडं पडलं. पुण्यात शिकलेल्या, घरी दोन माणसं आयटीत असलेल्या पोराला दुसरी संधी मिळते, कुणीतरी काका रेफरन्स देतो. आमच्या लातूरच्या, निलंग्याच्या, औशाच्या पोराकडं ती एकच फेरी असते. म्हणून म्हणतो, शॉर्टकट श्रीमंताला परवडतो.

बरं, डम्पनं पास तरी होतं का, याचीही खात्री नाही. सीसीएनए परीक्षेत एकदा पुढं गेलं की मागच्या प्रश्नावर परत येता येत नाही, आणि काही प्रश्नांत प्रत्यक्ष कमांड देऊन काम करून दाखवावं लागतं. रेडहॅटची आरएचसीएसए तर संपूर्ण प्रात्यक्षिक आहे. तिथं चार पर्यायच नसतात, समोर मशीन असतं आणि करायच्या कामांची यादी असते. तिथं काय पाठ करणार?

मग पुस्तक कसं निवडायचं? आता मुद्द्याचं बोलू. वही काढा.

पहिलं : पुस्तकाच्या आधी परीक्षेची यादी घ्या. प्रत्येक सर्टिफिकेशन देणारी संस्था त्या परीक्षेत काय विचारणार याची यादी स्वतःच्या वेबसाइटवर फुकट ठेवते. सिस्को तिला 'एक्झाम टॉपिक्स' म्हणते, कॉम्पटिया 'ऑब्जेक्टिव्ह्ज', एडब्ल्यूएस 'एक्झाम गाईड'. दहा-वीस पानांचा मामला. सीसीएनएच्या यादीत सहा विभाग आहेत आणि प्रत्येकाचं वजनही दिलंय : नेटवर्कची मूलतत्त्वं २० टक्के, नेटवर्क ॲक्सेस २० टक्के, आयपी कनेक्टिव्हिटी २५ टक्के, आयपी सेवा १० टक्के, सुरक्षा १५ टक्के, ऑटोमेशन १० टक्के. ही यादी छापून पुस्तकाच्या अनुक्रमणिकेशेजारी ठेवा. यादीतला मुद्दा पुस्तकात सापडत नसेल तर ते पुस्तक तुमच्या परीक्षेचं नाही. इतकं साधं आहे. जो क्लास ही यादी पहिल्या दिवशी हातात देत नाही त्याच्या पायऱ्या उतरा.

दुसरं : मुखपृष्ठावरचा परीक्षेचा क्रमांक बघा. नाव तेच राहतं, परीक्षा बदलते. सीसीएनए हे नाव पंचवीस वर्षांहून जुनं आहे, पण आत्ताची २००-३०१ ही परीक्षा २४ फेब्रुवारी २०२० पासून आली आणि तिच्यातले मुद्दे २० ऑगस्ट २०२४ पासून पुन्हा सुधारले गेले. सिक्युरिटी प्लसची ६०१ ही परीक्षा ३१ जुलै २०२४ ला बंद झाली, आता ७०१ आहे. ए प्लसच्या नव्या परीक्षा, २२०-१२०१ आणि २२०-१२०२, मार्च २०२५ मध्ये सुरू झाल्या. मायक्रोसॉफ्टनं एमसीएसई जानेवारी २०२१ अखेर कायमचं बंद केलं, तरी आपल्याकडं काही बोर्डांवर ते अक्षर अजून झळकतंय. कुठल्या परीक्षेची तयारी करून घेतात कोण जाणे! हे आकडे मी आज सांगतोय. तुम्ही फी भरण्याच्या आदल्या दिवशी वेबसाइटवर पुन्हा बघा.

तिसरं : जुनं पुस्तक. पुण्याला आलेलं पोरगं अप्पा बळवंत चौकात जातं आणि स्वस्तात जाडजूड सीसीएनए घेऊन येतं. घेऊ नका असं मी म्हणत नाही, पण काय घेताय ते कळू द्या. सबनेटिंग, व्हीलॅन, ओएसपीएफ यांचं मूळ बदललेलं नाही, जुन्या पुस्तकातही ते उत्तम समजतं. पण २०२० च्या आधीच्या पुस्तकात तुम्ही आठवडेच्या आठवडे ईआयजीआरपीवर घालवाल, आणखी जुनं असेल तर फ्रेम रिलेवर. आजच्या यादीत या दोन्ही गोष्टी नाहीत. उलट वायरलेस कंट्रोलर, एपीआय, जेसॉन हे आज विचारलं जातं आणि त्यावर त्या पुस्तकात फारसं काही नसतं. म्हणजे जुनं पुस्तक समजून घ्यायला चालेल, परीक्षेची मदार त्याच्यावर ठेवू नका.

चौथं : दुकानात उभं राहून परीक्षा घ्या, पुस्तकाची. तुम्हाला चांगला येणारा एक मुद्दा काढा आणि अजिबात न येणारा एक. दोन्हीची दोन-दोन पानं वाचा. येणाऱ्या मुद्द्यावर पुस्तक चूक सांगत नाही ना, आणि न येणारा मुद्दा थोडा तरी डोक्यात शिरला ना, एवढं बघा. मग धड्याच्या शेवटचे प्रश्न बघा. उत्तराच्या स्पष्टीकरणात चुकीचे पर्याय का चुकीचे, हे लिहिलेलं असेल तर ते पुस्तक चांगलं. नुसतं 'उत्तर : ब' असेल तर तो डम्पचाच भाऊ. शेवटी बघा, पुस्तक काही करायला लावतं का. कमांड, आकृती, सराव. वाचून पोहता येत नाही.

नाव विचारतच असाल तर सीसीएनएसाठी वेंडेल ओडम यांचं सिस्को प्रेसचं दोन खंडांचं 'ऑफिशियल सर्ट गाईड' हे खात्रीचं आहे. सध्याच्या सुधारित परीक्षेसाठी त्याची २०२४ ची दुसरी आवृत्ती बघा. पण ते जड आहे, कंटाळवाणंही वाटेल. ज्याला ते झेपत नाही त्यानं दुसरं, हलकं पुस्तक घ्यावं आणि अडलं की लायब्ररीत जाऊन हे उघडावं. ऑफिशियल शिक्का आहे म्हणून वीस पानांत सोडून दिलेलं पुस्तक उत्तम, असं होत नाही. जे पूर्ण वाचून होईल ते तुमचं पुस्तक.

पाचवं : फुकटचं आधी संपवा. सिस्को नेटवर्किंग ॲकॅडमीवर खातं उघडलं की पॅकेट ट्रेसर मोफत मिळतो. कॉम्प्युटरवरच राउटर-स्विच जोडून नेटवर्क उभं करायचं सॉफ्टवेअर. साध्या लॅपटॉपवर चालतं. मायक्रोसॉफ्टचं सगळं शिक्षण साहित्य 'लर्न'वर फुकट आहे, सराव परीक्षांसकट. एडब्ल्यूएसही काही सराव प्रश्न मोफत देते. हे सगळं करून झालं आणि तरीही अडतंय, तेव्हा क्लास लावा. मग तुम्ही क्लासमध्ये शंका घेऊन जाल, कोरी वही घेऊन नाही.

इंग्रजीचं काय?

खरी अडचण इथं आहे आणि तिच्यावरच डम्पवाल्याचं घर चालतं. झेडपीच्या शाळेत मराठी माध्यमात शिकलेल्या पोरासमोर आठशे पानांचं इंग्रजी पुस्तक ठेवलं की ते घाबरतं. त्याला समजावणारं कुणी नसतं, मग पाठ करणं सोपं वाटतं. त्याला मी सांगतो, परीक्षा इंग्रजीत दे, पण समजून मराठीत घे. शब्द इंग्रजीच राहू देत, वाक्य आपलं कर.

सबनेटिंगला सगळे घाबरतात ना? शेताचे पोटहिस्से पाडायचे तसं आहे. १९२.१६८.१०.० हा एक गट समजा, त्यात २५६ पत्ते. चार भावांत वाटणी करायची. प्रत्येकाच्या वाट्याला ६४. पहिल्याचे ० ते ६३, दुसऱ्याचे ६४ ते १२७, तिसऱ्याचे १२८ ते १९१, चौथ्याचे १९२ ते २५५. प्रत्येक हिश्श्यातला पहिला पत्ता म्हणजे त्या हिश्श्याचं नाव, तो कुणाला देता येत नाही. शेवटचा पत्ता दवंडीचा, त्यावर पाठवलेलं त्या हिश्श्यातल्या सगळ्यांना ऐकू जातं. तोही कुणाला देता येत नाही. म्हणून वापरायला उरले ६२. यालाच पुस्तकात स्लॅश २६ म्हणतात. सातबारा बघितलेल्या पोराला हे समजायला किती वेळ लागेल? पण हे समजावून सांगायला शिकवणाऱ्याला विषय यावा लागतो. डम्प विकायला काहीच यावं लागत नाही.

आता थोडं क्लासवाल्यांशी.

सगळे क्लास चोर आहेत असं मी म्हणत नाही. लातुरातसुद्धा जुने राउटर स्वतःच्या पैशांनी आणून रात्री दहापर्यंत पोरांकडून प्रॅक्टिकल करून घेणारे मास्तर आहेत. त्यांना हात जोडतो. डम्पच्या धंद्यानं सगळ्यात जास्त नुकसान त्यांचंच केलंय. ते म्हणतात सहा महिने लागतील, शेजारचा म्हणतो एकवीस दिवसांत पास. बाप शेजारी जातो.

त्या शेजारच्याला एक आठवण करून द्यायची आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रातल्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. निवडीच्या, यशाच्या, नोकरीच्या खोट्या हम्या देणं त्यात बसत नाही. '१०० टक्के पास, १०० टक्के जॉब' असं फ्लेक्सवर छापणाऱ्यानं ती एकदा वाचावीत. आणि पालकांनो, फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. पण तक्रार करायला हातात कागद लागतो. म्हणून पावती घ्या, फ्लेक्सचा फोटो काढून ठेवा, गॅरंटी लेखी मागा. लेखी मागितली की निम्म्या गॅरंट्या तिथंच विरतात.

फी भरण्याआधी एवढे प्रश्न विचारा. कुठल्या क्रमांकाची परीक्षा, आणि ती अजून चालू आहे का? पुस्तक कुठलं, कुठल्या आवृत्तीचं? आठवड्यात किती तास प्रत्यक्ष मशीनवर? शिकवणारे सर स्वतः कुठं काम केलेले? परीक्षेची फी कोर्स फीमध्ये आहे की वेगळी, आणि व्हाउचर कुणाच्या नावानं? परतावा कधी मिळेल? समोरचा चिडला तर उत्तर मिळालं असं समजा.

शेवटचा मुद्दा कॉलेजांचा आणि वाचनालयांचा. कारण हे फक्त एका बापाच्या खिशाचं प्रकरण नाही.

मी पाहिलेल्या कॉलेज लायब्ऱ्यांत कॉम्प्युटरच्या कपाटात बंद पडलेल्या परीक्षांची पुस्तकं रांगेनं उभी आहेत. नोंदवहीत संख्या भरली, पाहणीला आलेल्या समितीला कपाट भरलेलं दिसलं, काम संपलं. पोराला हवं ते एक चालू आवृत्तीचं पुस्तक मात्र नाही. दुसरीकडं प्लेसमेंट सेल कुठल्यातरी क्लासशी सामंजस्य करार करतो, फोटो पेपरात येतो, आणि त्या क्लासमध्ये पोरांना काय वाटतात हे बघायला कुणी जात नाही. कॉलेजच्या नावाखाली फुटलेला पेपर वाटला जात असेल तर त्याची जबाबदारी कॉलेजवरही येते.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा आहे. त्या कायद्याखाली मान्यता मिळालेली वाचनालयं सरकारी अनुदान घेतात. ते अनुदान पुरत नाही हे मला माहीत आहे, तिथले कर्मचारी कसल्या पगारावर राबतात तेही माहीत आहे. तरी मागणी छोटी आहे. जिल्हा आणि तालुका वाचनालयात संदर्भ विभागात चार-पाच मुख्य परीक्षांच्या चालू आवृत्तीची एकेक प्रत ठेवा. घरी देऊ नका, तिथं बसून वाचू द्या. पहिल्या पानाला परीक्षा कधीपासून आहे त्याची चिठ्ठी चिकटवा. परीक्षा बदलली की चिठ्ठी बदला. स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी अभ्यासिका आपण उभ्या केल्या, त्याच टेबलावर ही पोरंही बसतील. आणि कॉलेजांनी परीक्षेच्या यादीची प्रिंट नोटीस बोर्डवर लावावी, खाली मराठीत दोन ओळी लिहून. याला निधी लागत नाही. एक कागद आणि चार टाचण्या लागतात.

लातूरमधल्या पुस्तकप्रेमी दात्यांनाही सांगतो. वाढदिवसाला फ्लेक्स लावण्याऐवजी सीसीएनएचे दोन खंड तालुक्याच्या वाचनालयाला द्या. एका फ्लेक्सच्या खर्चात जवळपास बसतं आणि दोन-तीन वर्षं पोरं वाचतात.

आणि पोरांनो, तुम्हाला वेगळं काय सांगू? सीसीएनए तीन वर्षं टिकतं. मग पुन्हा परीक्षा देऊन नाहीतर पुढचं शिकून ते चालू ठेवावं लागतं. म्हणजे दर तीन वर्षांनी नवा गठ्ठा विकत घेत बसणार आहात का? रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडतो तेव्हा स्क्रीनवर चार पर्याय येत नाहीत. फोन तुमच्या हातात असतो आणि पलीकडं माणूस ओरडत असतो. त्या वेळी उपयोगी पडेल असं पुस्तक आज घ्या.

पटलं तर पुढं पाठवा. विशेषतः त्या घरांत, जिथं ॲडमिशनचे पैसे काढून ठेवलेत आणि उद्या भरायचे आहेत. पटलं नाही तर खाली लिहा, क्लासवाल्यांनीही लिहा, मी उत्तर देईन. फक्त येताना तुमच्या मटेरियलचं एक पान सोबत आणा, सगळ्यांसमोर बघू.